तीन महिन्यांची शुगर आणि 'नाना'चा शिक्का

तात्यांची फाईल माझ्याकडे आली ती रक्ताच्या ट्यूबच्या मागोमाग. माझी खटाव तालुक्यात छोटी पॅथॉलॉजी लॅब आहे, आणि आमच्याकडे सकाळी सात ते नऊ उपाशीपोटीवाल्यांची जी रांग लागते त्यात दर चौथा-पाचवा माणूस माजी सैनिक असतो, हा पट्टाच तसा, पाऊस नाही म्हणून भरती. तात्या म्हणजे आईकडून लांबचे मामा, पण गावात सगळेच तात्या म्हणतात म्हणून मीही. नायब सुभेदार म्हणून ३१ मे २०१९ ला २६ वर्षं पूर्ण करून घरी आले. इन्फंट्री. (पलटण, हॉस्पिटल, ऑफिस कुठलं ते लिहीत नाही, आणि ओळख पटेल असं एकदोन ठिकाणी बदललंय. बाकी कागदात आहे तसंच.)

२०२१ च्या पावसाळ्यात ते तीन महिन्यांची शुगर करायला आले, म्हणजे एचबीए१सी, पण आमच्याकडे कोणी ते नाव घेत नाही, सगळे 'तीन महिन्यांची करा' एवढंच म्हणतात. रिपोर्ट ८.९. मी सहज विचारलं, "तात्या, शुगर कधीपासून हो?" तर म्हणाले, "नोकरीतच लागली की. १५ साली." म्हटलं मग डिसॅबिलिटी पेन्शन घेता का? तात्या हसले. "आरं ते नाना आलं ना माझ्यात."

मला वाटलं नाना म्हणजे कोणीतरी क्लार्क. कोणीतरी नाना आडवा आला असेल. तर ते नाना म्हणजे एन-ए-एन-ए, 'नीदर अ‍ॅट्रिब्युटेबल नॉर अ‍ॅग्रॅव्हेटेड', म्हणजे हा आजार नोकरीमुळे झालाही नाही आणि नोकरीमुळे वाढलाही नाही. रिलीज मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे नोकरी सुटताना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या समितीच्या, कागदावर ही चार अक्षरं पडली की फाईल तिथंच मेली. फौजेत हे इतकं रुळलेलंय की लोक 'मला नाना दिलं' असं मलेरिया झाल्यासारखं सांगतात.

दुसऱ्या दिवशी तात्या ट्रंकेतनं फाईल काढून घेऊन आले. प्लास्टिकच्या कव्हरात सगळं तारखेप्रमाणे लावलेलं, फौजी माणसाची फाईल आपल्यासारखी नसते. आणि मी, ज्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही, ती फाईल वाचायला बसलो ते फक्त लॅबचे रिपोर्ट बघायला.

आधी तात्यांच्या वेळी सुटलेल्यांना नियम काय आहे ते थोडक्यात सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढची गंमत कळणार नाही. पेन्शनला दोन दारं आहेत आणि दोन्ही उघडली पाहिजेत. पहिलं दार टक्क्याचं, बोर्डाने अपंगत्व २० टक्के किंवा जास्त धरलं पाहिजे. १५ टक्के लिहिलं आणि तुम्ही पूर्ण नोकरी करून निवृत्त झालात तर विषय संपला, सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१९ मध्ये एअरफोर्सच्या एका विंग कमांडरच्या केसमध्ये स्पष्टच सांगितलंय की २० च्या खाली पेन्शनही नाही आणि राउंडिंगही (ते काय ते पुढे येतं) नाही. दुसरं दार कारणाचं, म्हणजे आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला, दोन्हीतलं एक पुरतं. तात्यांचं पहिलं दार उघडंच होतं, बोर्डाने 'टाइप २ डायबिटीस, २० टक्के, कायमस्वरूपी' असं स्वतःच लिहिलेलं. अडलं होतं फक्त नानाशी.

आता पैसे किती? तर १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, आणि त्याच्या प्रमाणात खाली. तात्यांचा शेवटचा बेसिक ४४,९०० आणि मिलिटरी सर्व्हिस पे ५,२००, झाले ५०,१००. त्याचे ३० टक्के १५,०३०. त्याचे २० टक्के म्हणजे ३,००६ रुपये, त्यावर महागाई. पण इथे राउंडिंग येतं, फौजी भाषेत ब्रॉड बँडिंग, ३१ जानेवारी २००१ च्या सरकारी पत्राप्रमाणे ५० च्या खालचं सगळं ५० धरायचं, ५० ते ७५ चं ७५ आणि त्याच्या वरचं १००. सरकार म्हणायचं हे फक्त आजारामुळे मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच, पूर्ण नोकरी केलेल्यांना नाही, ते भांडण १० डिसेंबर २०१४ ला राम अवतार केसमध्ये मिटलं, दोघांनाही मिळतं. म्हणजे तात्यांचे २० चे ५० होणार आणि ३,००६ चे ७,५१५. दर महिन्याला, मरेपर्यंत. जिथं ज्वारी दोन वर्षांतून एकदा येते तिथं ही रक्कम काय आहे ते ज्याचं त्याला माहीत.

तर बोर्डाने नाना का दिलं? कारणाच्या रकान्यात टाइप केलेलं वाक्य होतं, त्याचा मराठीत अर्थ असा की सुरुवात पीस स्टेशनला (म्हणजे शांत भागातल्या छावणीत) झाली, जीवनशैलीचा आजार, फील्ड (म्हणजे सीमेवरची किंवा ऑपरेशनची जागा) किंवा हाय अल्टिट्यूडच्या (उंच डोंगरावरच्या) नोकरीशी संबंध नाही. बस. दीड ओळ. २६ वर्षांच्या नोकरीला दीड ओळ.

बोर्डाची बाजूही सांगितली पाहिजे कारण ती अगदीच फालतू नाही. तात्यांच्या बोर्डाच्या वेळी मिलिटरी डॉक्टरांसाठी एक मार्गदर्शक पुस्तिका होती, २००२ ची, २००८ ला सुधारलेली, त्यात २६ व्या परिच्छेदात डायबिटीस होता. त्यात म्हटलंय की टाइप २ हा लाइफस्टाइलचा आजार आहे, पण ताण, नीट नसलेला आहार, नोकरीच्या कारणाने पथ्यपाणी औषध न पाळता येणं यामुळे तो उद्भवू शकतो किंवा बिघडू शकतो. आणि मग महत्त्वाचं वाक्य, की आजाराची सुरुवात फील्ड, काउंटर इन्सर्जन्सी (अतिरेक्यांविरुद्धची कारवाई), हाय अल्टिट्यूड किंवा जहाजावरच्या लांबलचक ड्युटीत झाली, किंवा टाइप २ निघाल्यावर माणसाला अशा जागी नोकरी करावी लागली, तर आजार नोकरीने वाढला असं मान्य करायचं. म्हणजे डॉक्टरने मनाने काही लिहिलं नाही, त्याने पुस्तिकेतला रकाना बघितला, शुगर निघाली त्या तारखेला तात्या कुठे होते ते बघितलं, पीस, मारला शिक्का. बोर्डात दिवसाला किती जण जातात ते ज्यांनी बघितलंय त्यांना राग येणार नाही फारसा. मलाही लॅबमध्ये सोमवारी सकाळी प्रत्येकाची विचारपूस जमत नाही.

आणि तात्यांनी स्वतःच बोर्डाला सांगितलेलं की आईला शुगर होती. तेही लिहिलेलं कागदावर. खोटं बोलता आलं असतं, नाही बोलले.

पण मी बघत होतो तो २०१५ चा पहिला रिपोर्ट. पलटण कुपवाड्यातनं, नियंत्रण रेषेवरनं, दोन वर्षं चार महिन्यांनी खाली आली. पीस स्टेशनला पोहोचल्याची तारीख मूव्हमेंट ऑर्डरवर होती ५ ऑक्टोबर. २२ ऑक्टोबरला वार्षिक मेडिकल, त्यात लघवीत साखर दिसली म्हणून रक्त, उपाशीपोटी १९८, जेवणानंतर ३१०, आणि खाली एका ओळीत एचबीए१सी ९.४.

५ ते २२. सतरा दिवस.

जो माणूस रोज हा टेस्ट लावतो त्याच्या हे डोळ्यात खुपल्याशिवाय राहणारच नाही. हा टेस्ट रक्तातल्या लाल पेशींच्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटलीय ते मोजतो, आणि लाल पेशी जगते साधारण चार महिने, त्यामुळे आकडा मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, म्हणून तर त्याला तीन महिन्यांची म्हणतात. मागच्या एका महिन्याचा वाटा त्यात जास्त असतो, जवळपास निम्मा, हे खरंय. तरी नॉर्मल साडेपाचच्या आसपासच्या माणसाचा आकडा सतरा दिवसांत ९.४ होत नाही, गुलाबजामच्या पाकात पोहला तरी होत नाही. म्हणजे ही साखर सप्टेंबरमध्ये होती, ऑगस्टमध्ये होती, बहुतेक त्याच्याही आधीपासून होती. म्हणजे कुपवाड्यातल्या त्या पोस्टवर होती. शुगर 'सापडली' पीसला. 'सुरू' झाली फील्डला. बोर्डाने सापडल्याची तारीख घेऊन सुरू झाल्याच्या रकान्यात भरली.

मी तात्यांना विचारलं, वर पोस्टवर असताना काही जाणवायचं का? त्यांनी आधी नाहीच म्हटलं, सगळे नाहीच म्हणतात. काकू म्हणाल्या, सुट्टीवर आलेले तेव्हा रात्रीचे चार वेळा उठायचे. मग तात्या हळूहळू बोलायला लागले. पोस्टवर रात्री उठून बाहेर जावं लागायचं, बर्फात, अंधारात, पहाऱ्यावरच्या संत्रीला आधी आवाज देऊन पासवर्ड सांगून मग, नाहीतर आपलाच माणूस गोळी घालायचा. तीन वेळा, चार वेळा. पोरं चेष्टा करायची की साहेबांचं टाकं लिक झालंय. यांना वाटायचं थंडी. पाण्याची बाटली रात्री उशाशी ठेवायचे ती सकाळी रिकामी. आणि वजन. २०१४ च्या मेडिकलमध्ये वजन ७४ किलो, २०१५ ला ६६. उंची १७१ सेंटिमीटर. हिशोब केला तर बीएमआय साडेबावीस. 'लाइफस्टाइल डिसऑर्डर' ज्या माणसाला लिहिलं तो माणूस काडीसारखा होता आणि आठ किलो उतरलेला, हे त्याच फाईलमध्ये दोन पानं आधी लिहिलंय! कोणी पान उलटलं नाही एवढंच.

मग दुसरी गोष्ट, जी मला कळली नाही, वकिलाला कळली. शुगर निघाल्यावर तात्यांना कॅटेगरी लागली, म्हणजे तब्येतीचा दर्जा एक पायरी खाली उतरला, आधी टेम्पररी मग परमनंट, पी-टू. आणि पी-टू असताना २०१७ ला पलटण मणिपूरला गेली काउंटर इन्सर्जन्सीला तर तात्याही गेले. पी-टूवाल्याला हाय अल्टिट्यूडला पाठवत नाहीत पण मणिपूरला पाठवतात, नायब सुभेदार आहे, प्लाटून कोण सांभाळणार. जाताना एचबीए१सी ७.१ होतं, गोळ्यांवर छान आलेलं. तिथं दोन वर्षांत झालं ८.८. ऑपरेशनला तीन-तीन दिवस बाहेर, जेवण मिळेल तेव्हा शक्करपारे आणि पॅकबंद पुऱ्या, शुगरची गोळी मेटफॉर्मिन कधी बॅगेत कधी कॅम्पात. हे त्या पुस्तिकेतल्या वाक्याच्या दुसऱ्या भागात तंतोतंत बसतं, आजार निघाल्यावर अशा जागी नोकरी करावी लागली. इथे सुरुवात कुठे झाली हा प्रश्नच उरत नाही! बोर्डाने पहिला भाग वाचला, दुसरा वाचलाच नाही.

एवढं असताना तात्या दोन वर्षं गप्प का बसले? क्लेम नामंजूर झाल्याचं पत्र २०१९ च्या दिवाळीत आलेलं, त्यात खाली लिहिलेलं की सहा महिन्यांत पहिलं अपील करू शकता. इंग्रजीत. तात्यांनी वाचलं, त्यांना इंग्रजी बऱ्यापैकी येतं, पण म्हणाले, "मेजर साहेबांनी सही केली म्हंजे बरोबरच आसंल." मला हे ऐकून चीड आली आणि नंतर लाज वाटली चीड आल्याची, कारण ज्या शिस्तीवर २६ वर्षं काढली तीच शिस्त घरी येऊन पेन्शनच्या कागदालाही सॅल्यूट मारते, त्यात त्यांचा काय दोष. शिवाय दुसरं एक होतं जे ते उघड बोलले नाहीत. शेजारच्या गावात एक जण आहे, मणिपूरलाच गुडघ्याखाली पाय गेलाय. तात्या म्हणायचे, त्याला डिसॅबिलिटी आणि मला पण डिसॅबिलिटी? चालता-फिरता माणूस मी. काकूंनी त्यावर एकच वाक्य टाकलं, "त्याचा पाय एकदाच गेला, तुमचे दोन्ही जायचेत अजून." काकू अशाच आहेत.

आधी कागद गोळा केले. बोर्डाची पूर्ण प्रोसीडिंग्ज, पोस्टिंगचा तक्ता, रजेचा रेकॉर्ड, सगळ्या मेडिकल कॅटेगरी बोर्डांच्या कॉप्या, हे माहिती अधिकारात मागवलं, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून. ज्यांना हे करायचंय त्यांना माझा एकच आग्रह राहील की नुसता शेवटचा बोर्ड मागवू नका, पहिल्या दिवसाचा लॅब रिपोर्ट मागवा, सगळी मेख तिथं असते. रजेचा रेकॉर्ड का मागवला ते पुढे येईल. एका एजंटानेही गाठलेलं आम्हाला मध्येच, तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवर, एरियर्सचे वीस टक्के द्या सगळं करून देतो म्हणाला, सोबत कोऱ्या कागदावर सही मागत होता. तात्यांनी त्याला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पहिलं अपील उशिराच गेलं, २०२१ च्या नोव्हेंबरला. २०२२ च्या मे महिन्यात उत्तर आलं, नामंजूर, तीच दीड ओळ, फक्त लेटरहेड वेगळं. नंतर दुसऱ्या अपिलाची पायरी असते पण वकील म्हणाले आता सरळ ट्रिब्युनल, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलच्या, म्हणजे फौजेतल्या लोकांच्या केसेस चालवणाऱ्या न्यायाधिकरणाच्या, मुंबई बेंचकडे अर्ज दाखल केला. उशिराचं काय? ट्रिब्युनलला सहा महिन्यांची मुदत असते पण पेन्शन हे दर महिन्याला होणारं नुकसान आहे, त्यामुळे उशीर माफ होतो, फक्त मागची थकबाकी अर्ज केल्याच्या आधीच्या तीनच वर्षांची मिळते, हे सुप्रीम कोर्टाने २००८ ला तरसेम सिंग केसमध्ये घालून दिलंय. तात्यांना सप्टेंबर २०१९ पासूनचं मिळालं, जून-जुलै-ऑगस्टचे तीन महिने गेले. तीनच. ८८ साली सुटलेले एक आजोबा आमच्या तालुक्यात आहेत, त्यांची काय गत असेल बघा.

वकिलाबद्दल सांगायचं तर वयस्कर माणूस, स्वतः माजी फौजी, बोलणं कमी. त्यांनी पहिल्या भेटीतच माझी हवा काढली. मी मोठ्या उत्साहात धरमवीर सिंग केस घेऊन गेलेलो, जिकडेतिकडे तीच वाचलेली, जुलै २०१३ ची, सिग्नल्सचा शिपाई, फिट यायच्या, बोर्डाने नोकरीशी संबंध नाही म्हणून २० टक्के अपंगत्व लिहून घरी पाठवलेला, आणि सुप्रीम कोर्टाने सांगितलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो नोकरीतच झाला असं धरायचं, सिद्ध करायची जबाबदारी सैनिकावर नाही, शंकेचा फायदा त्याला, आणि बोर्डाला उलटं म्हणायचं असेल तर कारणं लिहावी लागतील. मला वाटलं झालं, जिंकलो. वकील म्हणाले, "ती १९८२ च्या नियमांवर आहे. तुमचे मामा सुटले २०१९ ला, त्यांना २००८ चे नियम लावायचा प्रयत्न करणार सरकार, आणि त्यात ते गृहीतक काढून टाकलंय. लिहूच आपण धरमवीर, पण त्याच्यावर घर बांधायचं नाही." २००८ च्या नियमांतही वाढीची व्याख्या आहे ना, तिच्यावर बांधायचं म्हणाले. आजार नोकरीच्या विशिष्ट परिस्थितीने लवकर उद्भवला किंवा नंतर जास्त बिघडला तर तो नोकरीने वाढला असं धरायचं, फील्ड, ऑपरेशन, हाय अल्टिट्यूड ही उदाहरणं त्यातच दिलेली. म्हणजे आईला शुगर होती हे मान्य करूनही केस उभी राहते. साठीला झाली असती ती चाळिशीतच झाली, हेच तर 'लवकर उद्भवला'.

मला हे फार आवडलं. आम्ही आनुवंशिकता नाकारत बसलो असतो तर हरलो असतो, आणि खोटंही ठरलो असतो.

सरकारी बाजूने दोन मुद्दे आले. एक, वैद्यकीय बोर्ड तज्ज्ञांचं आहे, कोर्टाने त्याच्या मतात हात घालू नये. हा नेहमीचा, आणि त्यात दम आहे, मानसिक आजाराच्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर २०१९ मध्ये म्हटलंय की नोकरीत आजार झाला म्हणजे नोकरीमुळेच झाला असं यांत्रिकपणे धरू नका. दुसरा मुद्दा मात्र हुशारीचा होता. शुगर निघायच्या आधी अर्जदार रजेवर घरी होता, घरच्या खाण्यापिण्याने वाढली असेल! इथे रजेचा रेकॉर्ड कामाला आला. शेवटची रजा मे महिन्यात संपलेली, मेडिकल ऑक्टोबरच्या २२ ला. मे ते ऑक्टोबर, पाच महिने. घरचं श्रीखंड ऑक्टोबरच्या एचबीए१सीत दिसायला त्या लाल पेशी जिवंत पाहिजेत ना! वकिलांनी हे तोंडी सांगितलं तेव्हा बेंचवरचे अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह मेंबर, निवृत्त जनरल, ते म्हणे हसले. म्हणे असं कारण त्या दिवशी लॅबला माणूस नव्हता, मी मुंबईला जाऊ शकलो नाही, आयुष्यभर चुटपुट राहणार.

निकाल आला २०२४ च्या फेब्रुवारीत. मंजूर. २० टक्क्यांचे ५० धरून, कायमस्वरूपी, अर्जाच्या आधीच्या तीन वर्षांपासून, ठरलेल्या मुदतीत दिलं नाही तर व्याज. मी निकाल उघडला आणि माझा एचबीए१सीचा मुद्दा शोधला. दीड ओळ! बाकी चार पानं मणिपूरवर, आणि बोर्डाने आपल्या मताची कारणं दिली नाहीत यावर. मी ज्याच्यावर रात्र-रात्र जागलो ते 'अर्जदाराने दाखल केलेल्या अहवालावरूनही दिसून येते की' एवढ्यात उरकलेलं. बोर्डालाही दीड ओळ, मलाही दीड ओळ, फिटंफाट.

लगेच पैसे येतील असं वाटत असेल तर नाही. अंमलबजावणीला अजून चौदा महिने गेले. आधी सांगितलं की सरकार वर जायचा विचार करतंय, मग सांगितलं विचार चालू आहे, मग सुधारित पीपीओ, म्हणजे पेन्शनचा हुकूम, निघणार, मग स्पर्शवर, म्हणजे पेन्शनच्या पोर्टलवर, तात्यांच्या नावातलं एक अक्षर जुळेना. त्या काळात, मार्च २०२५ च्या शेवटी, दिल्ली हायकोर्टाचा एक निकाल आला, त्यातही एक सुभेदारच आणि आजारही टाइप २ च, तिथेही बोर्डाने पीस स्टेशनला सुरुवात झाली म्हणून नाकारलेलं, आणि कोर्टाने सांगितलं की नुसतं पीस स्टेशन हे कारण पुरेसं नाही, नोकरीशी संबंध नाही हे बोर्डाने कारणं देऊन दाखवलं पाहिजे. त्यात न्यायमूर्तींनी एक वाक्य लिहिलंय, आपण शेकोटीपाशी गरम कॅपुचिनो पित असतो तेव्हा सैनिक सीमेवर बर्फाळ वाऱ्यात उभे असतात, अशा अर्थाचं. मी ते तात्यांना वाचून दाखवलं, वाटलं डोळ्यात पाणी येईल. तात्या म्हणाले, "आम्ही पण प्यायचो की रं, बुखारीपाशी, त्या शेगडीपाशी बसून. च्या. तीन चमचे साखर घालून."

हे बोर्डापुढे नाही बोलले ते बरं झालं.

मध्ये एक आठवलं म्हणून, अमेरिकेत हे सगळं रामायण नाही, निदान एका गटाला तरी नाही. तिकडे व्हिएतनामला गेलेल्या सैनिकाला टाइप २ डायबिटीस झाला तर तो एजंट ऑरेंज नावाच्या तणनाशकामुळेच असं २००१ पासून नियमच धरून चालतो, तू तिथे होतास आणि तुला हा आजार आहे एवढं दाखव, बाकी काही सिद्ध करायची गरज नाही. आपल्याकडे तसं रसायन फवारलं नव्हतं हे मान्य, पण 'तू तिथे होतास' एवढं तरी बोर्डाने पोस्टिंगच्या तक्त्यात बघायला काय हरकत होती.

ज्यांच्या बोर्डावर 'पाच वर्षांसाठी' असं लिहिलंय त्यांच्यासाठी, नेव्हीच्या एका कमांडरची डायबिटीसचीच केस होती, २० टक्के आणि पाच वर्षं, सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की कायमच्या आजाराला अशी मुदत घालता येत नाही, आयुष्यभर द्या, आणि तेही ५० टक्के धरून. आणि जे २१ सप्टेंबर २०२३ नंतर सुटलेत त्यांना वेगळे, नवीन नियम लागतात, त्यात भाषाच बदललीय, 'इम्पेअरमेंट रिलीफ' वगैरे, त्यांनी तात्यांची फाईल जशीच्या तशी कॉपी मारू नये, वकिलाला तारीख आधी सांगावी.

पैसे आले २०२५ च्या एप्रिलमध्ये, थकबाकी महागाईसकट साडेसहा लाखांच्या वर. तात्यांनी विहिरीचं काम काढलं. वकिलांची फी आधीच ठरलेली होती ती दिली, आणि पाय गेलेल्या त्या शेजारच्या गावच्या माणसाच्या पोराला कॉलेजची फी भरली, हे मला काकूंकडून कळलं, ते स्वतः बोलणार नाहीत.

सुधारित पीपीओची प्रिंट घेऊन तात्या लॅबवर आले, सकाळी सातलाच, उपाशीपोटी. मी कागद बघत होतो तर त्यांनी बाही वर केली. "ते राहू दे, आधी रक्त काढ. आणि तीन महिन्यांची पण कर." संध्याकाळी रिपोर्ट, ७.४. मी पैसे नको म्हटलं तर साडेतीनशे रुपये मोजून काउंटरवर ठेवले आणि पावती मागितली. फाईलला लावायला.